साठीनंतर हातात पेन्सिल: नाशिकच्या घाटावर चित्र काढायला आणि माणसं जोडायला शिकताना

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने बरे जातात. बँकेची राहिलेली कामं होतात, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येणं होतं, एखादी यात्रा होते, माळ्यावरचं सामान उतरवून पुन्हा लावलं जातं. मग एक दिवस चहा, पेपर, देवपूजा सगळं उरकून घड्याळाकडे पाहावं तर साडेनऊच वाजलेले असतात, आणि पुढचा अख्खा दिवस आपल्याकडे काहीच मागत नसतो. नोकरी न केलेल्या बायकांनाही हे चुकत नाही. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी गेली की दोन माणसांचा स्वयंपाक अकराच्या आत आटोपतो. जळगाव-धुळ्याकडचं घर बंद करून पाथर्डी फाट्याच्या किंवा गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आलेल्यांची आणखी निराळी अडचण. तिकडे गल्लीभर ओळखी होत्या. इकडे लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाचं नावही ठाऊक नसतं.

हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करून निवृत्त झाले आणि आता रविवारी सकाळी गंगाघाटावर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठावर बसून चित्रं काढते. चित्रकलेशी माझा आधीचा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपुरता. तुमचा तेवढाही नसला तरी काही बिघडत नाही.

माझं ठाम मत असं की एकट्याने घरात बसून सुरू केलेला छंद महिन्या-दोन महिन्यांत कपाटात जातो. नुसत्या ओळखी वाढवल्या तर बोलणं दुखणी आणि राजकारण यांच्यापुढे फारसं सरकत नाही. ठरलेला वार, ठरलेली जागा, हाताला काम आणि आपण आलो नाही तर चौकशी करणारी माणसं, एवढं एकत्र आलं की आठवड्याला पुन्हा कणा येतो. बाहेर बसून चित्र काढण्यात हे सगळं आहे. शिवाय एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: चित्र काढताना माणसं शेजारी शेजारी बसतात, सगळ्यांची नजर समोर असते. मग गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. ज्यांना चारचौघांत बोलायला जमत नाही त्यांची मैत्री इथे लवकर होते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आधी वार ठरवा, सामान नंतर

बहुतेक लोक उलटं करतात. आधी दुकानात जाऊन रंग आणतात, मग मोकळा वेळ शोधत बसतात. तुम्ही आधी वार आणि वेळ पक्की करा. रविवार सकाळ सोयीची, पण घरात नातवंडं असतील तर रविवार हाच सगळ्यात गडबडीचा दिवस असतो. अशांनी शनिवार धरावा. दोन तास पुरतात. घरात सांगून ठेवा की त्या वेळात तुम्ही नसता. बायकांनी हे जरा जोर लावून सांगायला हवं, कारण ‘आई, आज तेवढं सांभाळ ना’ हे वाक्य नेमकं त्याच सकाळी येतं.

सोबतीला एक माणूस गाठा. एकच. बिल्डिंगमधला, ज्येष्ठ नागरिक संघातला, हास्यक्लबातला, जॉगिंग ट्रॅकवर रोज दिसणारा. ‘चित्रकला शिकायची का’ असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. वयाची भीती वाटते. ‘रविवारी सकाळी गंगेवर जाऊन बसू, मी थोडं रेखाटन करते, तुम्हीही वही आणा’ असं म्हणा. येतात.

असा कुणी मिळाला नाही तर सरळ घाटावर जा. सुट्टीच्या सकाळी चित्रकला महाविद्यालयातली मुलं बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली दिसतात. ‘शेजारी बसू का रे?’ एवढं विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. कुसुमाग्रज स्मारकात चित्रांची प्रदर्शनं भरतात, तिथे चित्रकार स्वतः उभे असतात, आणि आपण काही विचारलं तर मनापासून सांगतात. 1840 सालापासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, येणारी-जाणारी मंडळीही अशा ओळखीला चांगली.

पिशवीत काय असावं

पाच-सातशे रुपयांत सुरुवात होते. त्याहून जास्त खर्च आत्ता करू नका. महाग कागद समोर असला की तो वाया जाईल या भीतीने हात आखडतो.

दोन पेन्सिली घ्या, एक एचबी आणि एक 4बी. खोडरबर घ्या, पण पहिल्या महिन्यात पिशवीतच ठेवा. वही ए-5 किंवा ए-4 आकाराची, जाड पानांची. पुढे रंग लावायचे असतील तर कागद निदान 200 जीएसएमचा (हे कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप) हवा, 300 असेल तर उत्तम. पातळ कागदाला पाणी लागलं की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. पेन वापरणार असाल तर घरी एक रेघ ओढून तिच्यावर ओलं बोट फिरवून पाहा. साध्या जेल पेनची शाई पसरते. न पसरणारी शाई मागून घ्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात मधोमध तळहाताएवढी आयताकृती खिडकी कापा. समोरच्या एवढ्या पसाऱ्यातलं नेमकं काय काढायचं हे तिच्यातून पाहिलं की ठरतं.

बसायला घडीचं स्टूल घ्या. पायरीवर बसलं की उठताना गुडघे त्रास देतात, आणि ज्याचा गुडघा दुखला तो पुढच्या आठवड्यात येत नाही. टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या (एक प्यायची, एक रंगांची), जुन्या सुती कापडाचा तुकडा.

चष्म्याचं आधीच पाहून ठेवा, कारण या वयात खरी अडचण तिथे येते. देऊळ पाहायला लांबचा नंबर लागतो, वही पाहायला जवळचा. दोन चष्मे सारखे बदलत बसलात तर चित्र होत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर बोर्ड मांडीवर आडवा न ठेवता थोडा उभा, तिरका धरा. मान कमी हलते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर निळे रंग पूर्वीपेक्षा ताजे दिसतील. घाबरू नका. पिकलेल्या भिंगातून सगळं पिवळसर दिसत होतं, ते आता दिसत नाही इतकंच.

हात थरथरत असेल तर पेन्सिल टोकाशी न धरता मागे, चार बोटांखाली आडवी धरा आणि रेघ मनगटाने नाही, खांद्यापासून ओढा. रेघ थोडी हलली तरी दगडी पायऱ्यांना ती शोभते.

कुठे बसायचं

सिटीलिंकची बस निमाणीला किंवा रविवार कारंजाला सोडते, तिथून घाट पायी जाण्याच्या अंतरावर. दुचाकी आणली तर ती लावायची जागा शोधण्यात पंधरा मिनिटं जातात, म्हणून रिक्षा वाटून घेणं बरं.

सकाळी पंचवटीच्या बाजूला, उन्हाकडे पाठ करून बसा. पलीकडच्या तीरावर, जुन्या नाशिकच्या घरांवर समोरून ऊन पडतं आणि वहीवर स्वतःची सावली राहते. कोरा कागद उन्हात धरून चित्र काढलं तर दहा मिनिटांत डोळे दिपतात.

बसायची जागा ठरवताना स्वच्छतागृह कुठे आहे तेही पाहून ठेवा. याबद्दल कुणी बोलत नाही आणि मग बायका पाणीच पीत नाहीत. उन्हात दोन तास पाणी न पिता बसणं बरं नाही.

पांडवलेणीला सुरुवात करू नका. लेणी फार सुंदर आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि दाराशी तुळ्या खांद्यावर पेललेले यक्ष आहेत, ते काढायला हात शिवशिवतात. पण वर जायच्या पायऱ्या पुष्कळ आहेत आणि सामान घेऊन दम लागतो. ती दिवाळीनंतरच्या थंडीत करायची गोष्ट. तोवर पायथ्याचं नेहरू वनोद्यान सपाट आहे, सावलीही आहे.

पहिलं चित्र

पहिल्या दिवशी अख्खा घाट काढायचा मोह होतो. आवरा. एकच वस्तू निवडा. मी नव्या माणसाला दुतोंड्या मारुतीसमोर बसवते. गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर पूर केवढा ते सांगतात, म्हणजे तो मुळातच मोजमापाचा मारुती आहे, आणि आपल्यालाही तेच शिकायचं आहे.

हात कोपरात न वाकवता समोर ताठ करा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक मूर्तीच्या डोक्याशी आणा आणि अंगठा पायांपर्यंत सरकवा. ही झाली एक उंची. आता तेवढ्याच मापाने मागची भिंत मोजा, शेजारचा खांब मोजा: दीड मारुती, अर्धा मारुती. वहीवर हीच प्रमाणं ठेवा. माप घेताना दर वेळी हात तितकाच ताठ हवा, नाहीतर प्रत्येक माप वेगळं येतं. ही कसरत पहिल्या दिवशी हास्यास्पद वाटते आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीत आपोआप होऊ लागते.

मग पायऱ्या. घाट म्हणजे पायऱ्याच, आणि नवख्यांचं चित्र तिथेच फसतं, कारण पायरी कशी असते हे आपल्याला इतकं ठाऊक असतं की आपण पाहतच नाही. समोर नीट पाहा. तुमच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली असलेल्या पायऱ्यांचा वरचा, पाय ठेवायचा भाग दिसतो. जसजशी पायरी डोळ्यांच्या पातळीकडे चढते तसतसा तो भाग अरुंद होत जातो. बरोबर पातळीवरच्या पायरीची नुसती रेघ उरते. त्याच्या वरच्या पायऱ्यांचा फक्त उभा भाग दिसतो. रामकुंडासमोर कपालेश्वराकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या तळाशी बसून हे पाहा, चटकन कळेल. म्हणून वहीवर सगळ्यात आधी एक पुसट आडवी रेघ मारायची: आपल्या डोळ्यांची पातळी. दूर जाणाऱ्या समांतर रेघा, म्हणजे भिंतीचा वरचा काठ, पुलाचा कठडा, घाटाची कड, सगळ्या त्या रेघेकडेच धावतात. पातळीच्या वरच्या खाली उतरत येतात, खालच्या वर चढत जातात. शाळेतला यथार्थदर्शनाचा धडा एवढाच होता. फळ्यावर कळला नसेल तर इथे कळतो.

कपालेश्वराचीच आणखी एक गोष्ट. या देवळात शंकरासमोर नंदी नाही. महादेवाचं देऊळ म्हटलं की हात सवयीने नंदी काढतो. चित्रात हेच सांभाळायचं असतं: माहीत आहे ते नको, दिसतं आहे ते काढा. या सवयीचा परिणाम चित्राबाहेरही होतो, असा माझा अनुभव आहे. इतकी वर्षं घाटावरून गेले, पण नारोशंकराच्या देवळाच्या तटाच्या कोपऱ्यावरची दगडी छत्री, म्हणजे खांबांवरचा छोटा घुमट, मी पहिल्यांदा पाहिली ती वही उघडल्यावर. 1747 साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं हे देऊळ त्याच्या मोठ्या घंटेमुळे सगळ्यांना माहीत. ती घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून आहे. पण त्या देवळाचं कोरीव शिखर नवख्याच्या आवाक्यातलं नाही. कोपऱ्यावरची छत्री मात्र एका बैठकीत होते.

सावल्या आधी टिपा. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. चित्र संपता संपता सावली भलतीकडे गेलेली असते, आणि मग अर्ध्या चित्रात आठचं ऊन आणि अर्ध्यात साडेनऊचं असं होतं. बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांच्या कडा पुसट आखून घ्यायच्या आणि नंतर त्या बदलायच्या नाहीत.

पानाच्या खाली तारीख, वेळ, जागा लिहा. चित्र आवडलं नाही तरी पान फाडू नका.

रंग

महिनाभर नुसती पेन्सिल. मग जलरंग. 1931 साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅमलिनचे रंग शाळेत आपण बहुतेकांनी वापरले आहेत. त्याच वड्यांची बारा रंगांची पेटी आणि दोन गोल ब्रश, एक सहा नंबरचा आणि एक दहा नंबरचा, इतकं घ्या.

नाशिकचा घाट आणि देवळं काळ्या पाषाणाची. पण पेटीतला काळा रंग लावला की दगड डांबरासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी एकत्र करा. निळा जास्त पडला तर सावलीतला थंड दगड, तपकिरी जास्त पडला तर उन्हात तापलेला. पाणी वाढवलं की धुतलेली पायरी. या दोन रंगांत निम्मं जुनं नाशिक रंगवता येतं. उरलेल्या निम्म्यात यलो ऑकर थोडा वापरला की जुन्या भिंतींचा चुना मिळतो. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची इथल्या घाटाची जलरंगचित्रं कुठे पाहायला मिळाली तर जरूर पाहा. पाण्यात सोडलेला रंग कुठे थांबवायचा हे त्यांच्यासारखं फार थोड्यांना उमगलं.

फिकट रंग आधी, गडद नंतर. पांढरं जे दिसतं तिथे कागद कोरा सोडा. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली सरळ उतरतं, आणि उजळ वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं गडद असतं, गडद वस्तूचं थोडं उजळ. एप्रिल-मेमध्ये रंग लावता लावता सुकतो, तेव्हा कागद आधी थोडा ओला करून घ्या. पावसाळ्यात उलट, पान तासभर ओलंच राहतं. तेव्हा शाई आणि एकच रंग पुरे.

ब्रश धुतलेलं पाणी गोदावरीत ओतायचं नाही. बाटलीत भरून घरी न्यायचं. नदीत आधीच पुष्कळ घाण जाते आहे, आणि जिची चित्रं काढतो तिच्यात आपण भर घालणं मला सहन होत नाही. आमच्या गटात हा एकमेव कडक नियम आहे.

घाटावर वागायची रीत

रामकुंडावर लोक दशक्रिया करायला, अस्थी विसर्जन करायला येतात. केस काढलेला मुलगा, पदराने डोळे पुसणारी बाई, यांची चित्रं काढायची नाहीत, फोटोही काढायचा नाही. स्नान करणाऱ्या बायकांचंही तेच. तिकडे पाठ करून बसा. चित्राला विषय हजार आहेत.

फुलवाली, भाजीवाले, चहावाला यांना काढायचं असेल तर आधी विचारा. काढून झालं की दाखवा. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, तेव्हा चालती-बोलती माणसं काढायचा सराव छान होतो: एका माणसाला अर्धं मिनिट, फक्त पाठीचा बाक आणि हातातल्या पिशवीचं वजन. चेहरे नकोत.

मागे येऊन लोक उभे राहणार. ‘काय काढून ऱ्हायले काकू?’ असं विचारणार. सुरुवातीला फार संकोच वाटतो. वही मिटू नका. ‘हे समोरचं काढतेय, बघा जमतंय का’ म्हणा. लहान मुलं असली तर एक कागद आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. ती बसतात शेजारी आणि आपल्यापेक्षा धीटपणे काढतात.

माणसं टिकवायची कशी

बाहेर जागेवर बसून गटाने चित्रं काढायची रीत आता जगभर आहे. गॅब्रिएल कंपनारिओ या पत्रकार-चित्रकाराने 2007 साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात ‘अर्बन स्केचर्स’ची सुरुवात केली. त्यांचा आग्रह असा, की जागेवर बसून काढा, फोटोवरून नको. आणि जे पाहिलं ते प्रामाणिकपणे काढा. आपल्याला सभासदत्व वगैरे काही नको, पण हा आग्रह उचलण्यासारखा आहे. फोटोवरून काढायचं म्हटलं तर कुणीच घराबाहेर पडणार नाही.

सात-आठ माणसं झाली की पुरे. त्याहून मोठा गट झाला की अध्यक्ष, वर्गणी, सत्कार सुरू होतात. हुद्दे घरी ठेवून यायचे. नोटांच्या प्रेसमधले साहेब, बँकेतले मॅनेजर, मुख्याध्यापिका, ओझरच्या एचएएलमधले फोरमन, सगळे इथे अण्णा, काकू, ताई, भाऊ. जे आयुष्यभर ‘साहेब’ ऐकत आले त्यांना हे जड जातं. त्यांना थोडा वेळ द्या. एकदा स्वतःचं वाकडं देऊळ सगळ्यांसमोर ठेवलं की सुटतात.

चित्रं झाली की सगळ्यांच्या वह्या पायरीवर ओळीने मांडायच्या. प्रत्येकाने आपल्या चित्राबद्दल दोन वाक्यं बोलायची: काय काढायचं होतं, कुठे अडलं. दुसऱ्याने विचारल्याशिवाय चूक सांगायची नाही. हा संकेत मोडला की नवीन माणूस, विशेषतः बाई, पुन्हा येत नाही. ज्यांना खरंच चित्रकला येते त्यांनीच तो जास्त पाळावा.

मग चहा. चहा टाळून घरी पळणाऱ्याला थांबवा, कारण गट बांधला जातो तो तिथे. पैसे ज्याचे त्याने द्यायचे, कुणी कितीही आग्रह केला तरी. एकाच्या पेन्शनला मिसळ झेपते, दुसऱ्याच्या नाही, आणि तो दुसरा हे बोलून न दाखवता यायचं बंद करतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुढची जागा, वेळ आणि चित्रं एवढंच. सुप्रभात नको, पक्षांचे व्हिडिओ नकोत.

आणि जो आला नाही त्याला त्याच दिवशी फोन. ‘आज तुमची जागा रिकामी होती’ एवढंच म्हणायचं. एकट्या राहणाऱ्या माणसाला तो आठवड्यातला एकच फोन असू शकतो. अशाच फोनवर कधीकधी कळतं की समोरच्याला रात्रभर झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणतो आहे. चित्रकलेने यावर उतारा पडेल असं समजून थांबू नका. डॉक्टरकडे न्या, सोबत जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या नंबरवर मराठीतही बोलते. हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

वाडे

हात थोडा बसला की जुन्या नाशकात शिरा. माझ्या मते खरं काम इथे आहे.

सराफ बाजारातला सरकारवाडा सुरक्षित आहे, पण गल्ल्यांमधले कितीतरी खासगी वाडे दर पावसाळ्यात ढासळतात, काही पाडून तिथे इमारती उभ्या राहतात. कोरीव लाकडी खांब, महिरपी, दिंडी दरवाजा, ओसरी, मधला चौक, कोनाडे. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. निवृत्त माणसाकडे जो वेळ असतो तो या कामाला हवा आहे. एक गल्ली घ्या. दर आठवड्याला तिथला एक दरवाजा, एक खांब, एक सज्जा काढा. चित्राशेजारी लिहा: कोणती गल्ली, वाड्याचं नाव, दाराचं तोंड कुठल्या दिशेला, आत राहणाऱ्यांनी काय सांगितलं. तांबट आळीत बसलात तर तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येतो का, तेही लिहा. उद्या कुणा अभ्यासकाला तुमची वही उपयोगी पडेल.

तुम्ही दारात बसून चित्र काढताय म्हटल्यावर आतून कुणीतरी येतंच. ‘माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचा दरवाजा आहे हा,’ असं म्हणत एखाद्या आजी पाणी घेऊन येतात आणि मग तासभर बोलतात. ऐका. त्या चित्राची झेरॉक्स पुढच्या खेपेला त्यांना नेऊन द्या; भिंतीवर लावतात. मालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात मात्र पडू नका. बऱ्याच वाड्यांत ते चालू असतं आणि दोन्ही बाजू तुम्हाला साक्षीला धरू पाहतात. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर काही दिवस भिजलेल्या भिंतीखाली, तुळयांखाली बसायचं नाही. समोरच्या बाजूने, रस्त्यापलीकडून काढा.

वर्षाचं वेळापत्रक

उन्हाळ्यात साडेसहाला सुरू, साडेआठला बंद. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल तर घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जायचं नाही. पूर वरून, पुलाजवळून काढा. पावसाच्या दिवसांत कुणाच्या तरी गॅलरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुसुमाग्रज स्मारकाच्या आवारात बसता येतं. थंडीत सोमेश्वर, आनंदवल्ली, तपोवन. रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लांबूनच उड्या घेणारी माणसं टिपायची. 2027च्या सिंहस्थामुळे घाटावर कामं आणि गर्दी दोन्ही असणार. ज्या दिवशी तिकडे जाता येणार नाही त्या दिवशीची दुसरी जागा आधीच ठरवून ठेवा. जागा बंद आहे म्हणून वार मोडू नका.

आपल्या वयाच्या गटात कुणी ना कुणी काही महिने येऊ शकत नाही, हे धरूनच चाला. गुडघ्याचं ऑपरेशन होतं, घरात आजारपण येतं. तेव्हा बैठक त्यांच्या घरी न्या. आधी फोन करून घरच्यांना विचारा, चहा-खाण्याचं आपणच बरोबर घेऊन जा, रिक्षाचे पैसे वाटून घ्या. माणसाला उठून बसता येत असेल तर खुर्ची गॅलरीत लावा. जेल रोडच्या चौथ्या मजल्यावरून पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, वाळत घातलेल्या साड्या आणि मागच्या बाजूला रेल्वेच्या तारा दिसतात. टाक्या गोल असतात, त्यांचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीच्या खाली असला की तो लंबवर्तुळ दिसतो. तिथूनच सुरुवात करायला सांगा.